रॉकभाऊंचं सुतक

आमच्याकडे रॉक संगीत येतं ते कोणीतरी मेल्यावर. एरवी नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात वाघ असतो, धान असतं, कोळसा असतो, पालकमंत्री असतात. गिटार नसते. मग कधीतरी लंडनमध्ये नाहीतर अमेरिकेत कोणी केसाळ माणूस देह ठेवतो आणि शेवटच्या पानावर, क्रिकेटच्या खाली उरलेल्या बोटभर जागेत, जगभर गाजून जुना झालेला एखादा बँड चंद्रपूर जिल्ह्यात पहिल्यांदाच अवतरतो. त्या बोटभर जागेवर जगणारी माणसं आमच्या भागात आहेत. फार नाहीत. ऊर्जानगरात एखादा, बल्लारपूरला पेपर मिलच्या कॉलनीत एखादा, भद्रावतीला आयुध निर्माणीच्या वसाहतीत एखादा, गडचिरोलीला बँकेत बदलून आलेला एखादा. त्यांची एकमेकांशी ओळख नसते, आणि झालीच तर टिकत नाही, कारण एक क्वीनवाला निघतो आणि दुसरा पिंक फ्लॉइडवाला. मी त्या सगळ्यांचा मिळून एकच माणूस करतो आणि त्याला रॉकभाऊ म्हणतो.

रॉकभाऊ औष्णिक वीज केंद्रात कोल हँडलिंगला होते, आता निवृत्त. तरुणपणी त्यांनी केस मानेपर्यंत वाढवले होते. पण चंद्रपूरचा पारा सत्तेचाळिशीला टेकला की भल्याभल्यांचं बंड न्हाव्याच्या खुर्चीत संपतं. काळा टी-शर्ट मात्र कायम राहिला. कोळशात तो मळका दिसत नाही, हा त्याचा गुण वहिनींनीही मान्य केलेला आहे.

लोकांना वाटतं रॉकभाऊ रॉक ऐकतात. तसं नाही. शिफ्टच्या कॉलनीत चोवीस तास कोणीतरी झोपलेलं असतं. डावीकडचे रात्रपाळी करून आलेले असतात, उजवीकडचे रात्रपाळीला जायचे असतात आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना केव्हाही लागलेली झोप मोडली तर त्या खाली येऊन बसतात. भिंती अशा की शेजारच्यांची उचकी आपण पाणी पिऊन थांबवावी. तेव्हा टेपचा आवाज दोनच्या वर कधी गेला नाही, आणि दोनच्या आवाजात हेवी मेटल नळाला पाणी आल्यासारखं वाटतं. म्हणून भाऊ वाचू लागले. कॅसेटच्या आतला घडीचा कागद, त्यावरची बारीक अक्षरं, कोणी काय वाजवलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं, आभार कोणाचे. गाणं तीन मिनिटांत संपे, कागद आठवडाभर पुरे. आजही एखाद्या गाण्याची चाल विचारली तर भाऊ अडखळतील. साउंड इंजिनिअर कोण, विचारा.

पहिली कॅसेट त्यांना कॉलनीतच मिळाली. मेगावॉटच्या मागे देशभरातून माणसं आलेली; त्यांतल्या एका बंगाली साहेबांच्या मुलानं खरगपूरला जाताना ती यांना देऊन टाकली. ए बाजूला क्वीन. बी बाजू मोकळी होती, तिच्यावर भाऊंच्या आईनं तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं टेप करून घेतली. ऑटो रिव्हर्सचा टेप होता. त्यामुळे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा शेवटचा सूर हवेत असतानाच खंजिरी कडकडे. पुढे भाऊंनी कुठेतरी वाचलं, की १९७७ सालचं ‘वी विल रॉक यू’ क्वीनच्या गिटारवाल्या ब्रायन मेनं मुद्दाम असं रचलं की समोरच्या गर्दीला पाय आपटून आणि टाळ्या वाजवून त्यात सामील होता यावं. भाऊंनी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “मंग भजनात काय करते आपुन?”

खरं प्रकरण १९९१ च्या नोव्हेंबरातलं. २३ तारखेला फ्रेडीनं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि २४ तारखेला तो गेला. वय ४५. चंद्रपुरात दोन्ही बातम्या एकाच दिवशी, एकाच चौकटीत पोचल्या. भाऊंनी ती चौकट जेवणाच्या ताटावर उभी धरून वाचली, वरण गार झालं, तरी ते वाचतच होते.

“कोन गेलं?” आईनं विचारलं.

“फ्रेडी.”

“कायनं?”

त्या काळात आमच्याकडे एड्स हा शब्द आरोग्य खात्याच्या भिंतीवर लिहिलेला असे आणि त्या भिंतीकडे पाहायचंही नसे. कागदोपत्री मृत्यूचं कारण ब्राँकियल न्यूमोनिया होतं, एड्समुळे झालेला. भाऊंनी बातमीचा घरात चालेल तेवढा अर्धा भाग उचलला आणि म्हणाले, “न्यूमोनियानं.” आईनं लगेच त्यांना स्वेटर घालायला लावलं.

इथवर ठीक होतं. पण दहाव्या दिवशी भाऊंनी मिशी काढली. क्वीनमधल्या पुढच्या काळात फ्रेडी जशी ठेवायचा तशी जाड, ओठांवर उतरलेली मिशी त्यांनी तीन वर्षं जोपासली होती. तिचं त्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न. मात्र मिशी नसलेला तरुण मुलगा पाहून कॉलनीनं जो अर्थ काढायचा तो काढला. संध्याकाळी डावीकडचे, उजवीकडचे आणि वरच्या आजी असे सगळे तोंडं पाडून भेटायला आले. दार भाऊंच्या वडिलांनीच उघडलं. वडील धडधाकट, हातात चहाचा कप. आलेल्यांपैकी एकानं तर “असू द्या जी, होनारं चुकत नाई” असं त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणून टाकलं. आईला उलगडा झाला तेव्हा ती जे बोलली त्यातलं छापण्याजोगं एवढंच : “बाप जित्ता हाये न तुया अजून!” वडिलांनी मात्र ते फारसं मनावर घेतलं नाही. ते फक्त मुलाला म्हणाले, की माझ्या वेळी राहिली असेल तर काढ.

दुसरा एखादा असता तर या प्रसंगानंतर सावरला असता. भाऊ वाढले, कारण त्यानंतरच्या वाचनात त्यांना पाचगणी सापडली. फ्रेडी म्हणजे फरोख बलसारा. पारशी. जन्म झांझिबारचा, १९४६ चा. वडील तिथे सरकारी नोकरीत रोखपाल. आणि शाळा? शाळा पाचगणीची सेंट पीटर्स! फ्रेडी हे नाव पडलं तिथेच, पियानो शिकला तिथेच, आणि १९५८ साली शाळेतल्या मित्रांबरोबर पहिला बँड काढला, द हेक्टिक्स, तोही तिथेच. म्हणजे सातारा जिल्हा. म्हणजे आपल्या एसटीचा टापू. त्या दिवसापासून भाऊ फ्रेडीचा उल्लेख “आपला” असा करतात. १९८५ च्या लाइव्ह एडला आपल्यानं वेम्बली वीस मिनिटांत जिंकलं. आपला मेल्यावर ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. आपल्याला अग्नी दिला. (इथे भाऊ थोडे थांबतात, कारण पारशी माणसाला अग्नी कसा, हे त्यांना पुष्कळांनी विचारलेलं आहे. विधी पारशी धर्मगुरूंनीच केले, पण लंडनला गिधाडं कुठून आणायची? इकडे गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी उपाहारगृहं काढली आहेत, मेलेली गुरं नेऊन टाकतात. भाऊंनी ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हटल्याचं मी ऐकलं आहे. पुढे ते काही बोलले नाहीत, बरं झालं.)

लग्नानंतर त्यांनी वहिनींना पाचगणीला नेलं. महाराष्ट्राच्या या टोकावरून त्या टोकाला, एक अख्खी रजा-सवलत खर्चून. टेबललँड, घोडे, स्ट्रॉबेरी हे सगळं मुलांनी केलं. भाऊ शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून फाटकावरचं अक्षर न् अक्षर वाचत होते. वहिनींचं लक्ष स्थावर-जंगमाकडे जास्त. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मंग याचं घर कोनाच्या नावानं झालं?” फ्रेडीनं लंडनचं गार्डन लॉज मेरी ऑस्टिनच्या नावानं केलं. मेरी त्याची बायको नव्हती, एके काळची प्रेयसी होती आणि शेवटपर्यंत मैत्रीण. भाऊंनी सांगितल्यावर वहिनी साताऱ्यापर्यंत गप्प होत्या. साताऱ्याला म्हणाल्या, “आपल्या ब्लॉकचं काई खरं नाई. तो तं कंपनीचा हाये.”

भाऊंचं घरातलं खरं द्वंद्व मात्र मामांशी. मामा वडशाचे. वडसा म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी नाटकांच्या कंपन्यांची कार्यालयं तिथे ओळीनं आहेत. दिवाळी झाली की मंडईच्या जत्रांच्या आणि बैलांच्या शंकरपटांच्या निमित्तानं गावोगाव नाटक लागतं ते होळीपर्यंत. रात्री दहाला पडदा वर जातो आणि कोंबडं आरवल्यावर खाली येतो. मामा तिथे प्रॉम्प्टर. आडोशाला बसून, चिमणीएवढ्या दिव्यात, साऱ्या मंडळींची वाक्यं कुजबुजत आयुष्य गेलं. त्यामुळे मामा घरातही कुजबुजतात, आणि समोरचा बोलायचा थांबला की त्याचं पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघतं.

फ्रेडीची पुण्यतिथी २४ नोव्हेंबर, म्हणजे नेमका नाटकांचा हंगाम. मामा त्याच सुमारास कंपनीच्या गाडीतून चंद्रपुरावरून जात असतात आणि भाच्याकडे जेवायला उतरतात. एका वर्षी भाऊंनी त्यांना समजावून सांगितलं की ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे १९७५ सालचं गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं आहे, आणि एवढं लांब गाणं रेडिओवर कोणी लावणार नाही असं तेव्हा लोक म्हणत होते. मामांनी भाताचा घास हातातच धरून ठेवला. “सा मिनिटं? बापू, सा मिनिटात आमचा पेटीवाला सूरबी नाई लावत.”

“मामा, पण फ्रेडीसारखा गळा पुन्हा झाला नाही. तो गेला आणि त्याच्या जागेवर माणूस उभा करायला क्वीनला तेरा वर्षं लागली.” हे खरं आहे. २००४ साली पॉल रॉजर्स आला, त्याच्यानंतर ॲडम लँबर्ट.

“तेरा वर्सं?” मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरोखरचं दुःख दिसलं. “आमच्या वडशात तेरा घंटे नाई लागत. सकाळी खलनायक गेला, सांजच्याले दुसरा मिश्या लावून गाडीत. तारीख दिली रायते न गावाले. मंडप पडला रायते.” मग त्यांनी धंद्यातली अडचण विचारावी तसं विचारलं, “यायच्या कंपनीत प्रॉम्प्टर नोयता का?”

२०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा माणूस, झाडीपट्टीत हजारो प्रयोग केलेला, विदर्भाचा दादा कोंडके म्हणून ओळखला जाणारा. मामा पेढे घेऊन आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “तुमच्या फ्रेडीले काय भेटलं?” भाऊ याच प्रश्नाची वाट पाहत होते. २०१६ साली, फ्रेडीच्या सत्तराव्या वाढदिवसाला, एका लघुग्रहाला त्याचं नाव देण्यात आलं. भाऊ म्हणाले, “मामा, आभाळात त्याच्या नावानं एक दगड फिरतो आहे.”

“दगड?”

“लघुग्रह.”

“मानधन काई?”

खोटं कशाला सांगू, वाद झाला की मी मामांच्या बाजूनं असतो. भाऊ सांगतात ते सगळं खरं असतं, तपशीलवार असतं, तारीखवार असतं, आणि तरी ते ऐकताना आपण एखाद्याच्या दूरच्या नात्यातल्या माणसाच्या तेरवीला बसलो आहोत असं वाटत राहतं. फक्त एकदा त्यांनी मला जिंकलं. ब्रायन मेची गिटार. १९६३ च्या सुमाराला त्यानं आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवली. मानेला एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, सूर हलवणाऱ्या कळेच्या आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, त्या कळेच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. हीच गिटार घेऊन तो पुढे जगभर वाजवत फिरला. भाऊ हे सांगायला गडचिरोली रस्त्यावरच्या एका सुताराकडे गेले होते, मलाही नेलं. सुतारानं रंधा थांबवून ऐकलं. मग विचारलं, “लाकूड कोन्तं?” महोगनी, भाऊ म्हणाले. सुतारानं मान हलवली. आलापल्लीचं सागवान मिळालं असतं तर वाळवी लागली नसती, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना इथूनच गेलं. भाऊंनी ब्रायन मेच्या वतीनं ते मान्य केलं. परतताना ते बराच वेळ आलापल्लीच्या सागवानात तो सूर कसा लागला असता याचा विचार करत होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

हाच ब्रायन मे २००७ साली, वयाच्या साठीला, खगोलशास्त्रात डॉक्टर झाला. गाण्यापायी अर्धवट सोडलेला प्रबंध त्यानं तीस-पस्तीस वर्षांनी पुरा केला. विषय, सूर्यमालेतली धूळ. हे ऐकून भाऊंचा धाकटा म्हणाला, की धुळीवर पीएचडी करायला लंडन कशाला, घुग्घुसला यायचं. क्वीनच्या चौघांपैकी जॉन डीकन वहिनींना सगळ्यांत पसंत. इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, अवाक्षर न बोलता बेस वाजवायचा, आणि १९९७ नंतर मुकाट्यानं घरी बसला, पुन्हा फिरकला नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी व्हीआरएस. अशा माणसाची बातमी येत नाही, म्हणून भाऊंना तो आवडत नाही.

आता वही. एक जाड खातेवही, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात गव्हाच्या खळीनं कात्रणं लावलेली. पण एकाच कडेनं. कात्रण उलटून मागचं वाचता आलं पाहिजे असा भाऊंचा नियम, आणि त्यांना साल-महिना आठवतो तो मागच्या बाजूवरूनच. फ्रेडीच्या मागे धान खरेदी केंद्रं सुरू झाल्याची बातमी आहे. एप्रिल १९९४ मध्ये निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन २७ व्या वर्षी गेला, त्याच्या मागे तेंदूपत्त्याचा लिलाव. २००१ च्या नोव्हेंबरअखेर जॉर्ज हॅरिसन गेला, त्याच्या मागे एका मंडईच्या नाटकाची अर्धी जाहिरात, तिकिटाचे दर कापले गेलेले. (हॅरिसन हरे कृष्णवाला होता हे कळल्यामुळे त्या वेळी वहिनींनी देवापुढे दिवा लावला. वहीतल्या सगळ्यांत घरच्यांचा निखळ पाठिंबा मिळालेला तो एकटाच.) पिंक फ्लॉइडचा रिक राइट गेला तो १५ सप्टेंबर २००८ ला, नेमका ज्या दिवशी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली त्या दिवशी. जगातले सगळे स्तंभ बँकेनं खाल्ले आणि राइटच्या वाट्याला आल्या चार ओळी. भाऊंनी त्या चार ओळी पानाच्या बरोबर मध्ये लावल्या आहेत. आजूबाजूला नुसता कागद. लेहमन ब्रदर्सला ते अजून माफ करत नाहीत, आणि याबाबतीत ते जगात एकटे नाहीत, फक्त कारण वेगळं.

एका कात्रणावर मात्र त्यांनी निळ्या पेननं लिहिलं आहे : “आधी का नाही सांगितलं?” एप्रिल २०१४, नंदू भेंडे. आत्माराम भेंडे यांचा मुलगा, मुंबईत रॉक गाणारा, ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’च्या मुंबईतल्या प्रयोगात जुडास झालेला, ‘तीन पैशाचा तमाशा’त गाजलेला. मराठी माणूस, रॉक गातो, आणि भाऊंना तो आहे हे कळलं ते तो नसल्याच्या बातमीतून. त्या दिवशी त्यांनी कॉलनीत प्रत्येकाला जाब विचारला. उजवीकडच्यांना सुद्धा. उजवीकडचे रात्रपाळी करून आले होते.

अलीकडे मरणं मोबाइलवर येतात. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टात गेला तेव्हा भाऊ पहाटे तीनपर्यंत वाचत होते, आणि सकाळी तक्रार हीच, की याला मागची बाजू नाही. भामरागडला पर्लकोटेला पूर होता की नव्हता, काही कळत नाही. २०२५ च्या जुलैत हेवी मेटलवाला ऑझी ऑस्बोर्न गेला. पाच तारखेला बर्मिंगहॅमला आपल्या गावच्या लोकांपुढे सिंहासनावर बसून शेवटचं गायला आणि बावीसला संपला. मामा रोवणीच्या गडबडीत होते, तरी भाऊंनी फोन करून सांगितलं. मामा चिखलातूनच म्हणाले, “हे बरं केलं त्यानं. सीझन आटपून गेला.”

वहीत जागा उरली नाही म्हणून भाऊंनी आता फायली केल्या आहेत, प्रत्येकाची वेगळी. पॉल मॅकार्टनी, जन्म १९४२. मिक जॅगर, १९४३. कीथ रिचर्ड्स, १९४३. ब्रायन मे, १९४७. नाव, जन्मसाल, आत काही नाही. कपाट आवरताना ब्रायन मेची फाइल वहिनींच्या हाती आली. त्यांनी घाबरून विचारलं, “याले काय झालं जी?”

“अजून काही नाही,” भाऊ म्हणाले. मग थोडं अपराधी वाटून, “२०२४ ला हलका झटका आला होता. बरा आहे आता.”

मामा तिथेच पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी फायलींची चळत खालून वर, वरून खाली पाहिली आणि सवयीनं कुजबुजले, “मायी केली का, बापू?”

“मामा, त्यासाठी पेपरात बातमी यावी लागते.”

“नाई येत का?”

“प्रॉम्प्टरची नाही येत. जाहिरात देता येते. श्रद्धांजलीची. सेंटिमीटरवर पैसे असतात.”

मामांनी सेंटिमीटरचा भाव विचारला. भाऊंनी सांगितला. मामांनी बोटांवर हिशेब केला, फोटो धरून, फोटो सोडून, पुन्हा फोटो धरून.

“मंग नाटकाच्या जाहिरातीच्या खालीच दे,” ते म्हणाले, “सीझनमंधी. तेवढ्यात भागते. अन् रंगीत नोको.”